चेंडू आत की बाहेर?

बालदोस्तांनो, आज टीव्हीवरचं टेनिस! १९७२ साली अमेरिकेत घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला व्हिडिओ गेम आला, मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा 'ओडिसी'. मूळ कल्पना राल्फ बेअर या इंजिनिअरची. पडद्यावर काय, तर पांढरे चौकोनी ठिपके अन् मधे रेघ! कोर्ट हवं तर रंगीत पारदर्शक प्लॅस्टिक काचेवर चिकटवायचं. आवाज नाहीच. यंत्राला गुणही मोजता येत नसत. चेंडू आत की बाहेर, हे खेळणाऱ्या दोघांनीच ठरवायचं. त्यातून एक बटण फिरवलं की मारलेला चेंडू हवेतच वळायचा, म्हणजे भांडणाला भरपूर जागा! मला तर हेच फार आवडतं. हल्ली यंत्रच निकाल देतं, वाद घालणार कुणाशी? तुमच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये 'आउट' कोण ठरवतं, कळवा बरं!