घरचा नर आणि गल्लीतील पिल्ले

भाद्रपद लागला की सोलापूरच्या पेठांतून रात्रीची झोप दुर्मिळ होते. एका मादीमागे सहा-सात नर धावतात, त्यांच्या झटापटींनी गल्ली जागी होते आणि सकाळी शाळेला निघालेली मुले दप्तर छातीशी धरून भिंतीच्या कडेने जातात. पुढे दोन महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, एखाद्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमधून पिल्लांचे केकाटणे ऐकू येऊ लागते आणि महापालिकेच्या नावाने शिमगा सुरू होतो. महापालिकेला बोल लावण्यास जागा पुष्कळ आहे. पण त्या सहा-सात नरांकडे कोणी नीट पाहिले, तर त्यांतील एखाद्याच्या गळ्यात पट्टा आढळतो. तो कोणाच्या तरी ओसरीवर दिवसभर साखळीला असतो, घरातील मुले त्याला भाकरी घालतात, आणि रात्री जेवणे आटोपली की ‘जरा फिरून येईल’ म्हणून त्याची साखळी काढली जाते. त्याच्या या फिरण्याचा हिशेब घरात कोणी ठेवीत नाही.

कुत्र्यांचा प्रश्न या राज्याला नवा नाही. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये पोलिसांनी बक्षिसाच्या लोभाने कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतरही नगरपालिका दीर्घकाळ विष आणि काठी यांवरच विसंबून राहिल्या. २००१ साली केंद्र सरकारने नियम करून ठार मारण्याऐवजी शस्त्रक्रिया व लसीकरण हा मार्ग घालून दिला. २०२३ साली ते नियम नव्याने लिहिले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला, अकराच दिवसांत तो बदलून शस्त्रक्रिया व लस झालेली कुत्री, पिसाळलेली आणि आक्रमक वगळता, मूळ जागी सोडण्यास सांगितले, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातून ती हलविण्यास फर्मावले. देशभर वाद माजला. त्या गदारोळात २०२३ च्या नियमांतील एक साधी तरतूद फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. पाळीव प्राण्याची लस, जंतांचे औषध आणि निर्बीजीकरण ही जबाबदारी मालकाची आहे, असे ती सांगते.

बोलीत या शस्त्रक्रियेला ‘नसबंदी’ म्हणतात. आणीबाणीने या शब्दाला जी दहशत चिकटवली ती अद्याप पुरती पुसली गेलेली नाही. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले, हे आपले सुदैव. पण कुत्र्याच्या बाबतीत हा शब्द मुळातच चुकीचा आहे. नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी बांधली जाते. कुत्र्याचे वृषण काढून टाकले जातात, म्हणजे नरपणाचे संप्रेरकच जवळजवळ थांबते. शेतकरी ज्याला खच्ची करणे म्हणतो तेच हे. शब्द कटू आहे, परंतु निर्णय करणाऱ्याने खऱ्या शब्दाने विचार केलेला बरा.

शिवाय शेतकऱ्याचा शब्द घेतला की त्याचे शहाणपणही हाती लागते. सांगोला-पंढरपूरकडचा खिलार सांभाळणारा माणूस खोंड केव्हा खच्ची करावा हे पंचांग पाहून ठरवीत नाही. तो दात पाहतो, मान पाहतो, वशिंड भरले की नाही ते पाहतो. फार लवकर केले तर बैल अंगाने बारका राहतो, जूं पेलण्याजोगी मान होत नाही; फार उशीर केला तर त्याची मस्ती आवरत नाही. वाढीला संप्रेरक लागते, हे त्याला पुस्तकाविना ठाऊक असते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसे दोन टोकांना जातात. कोणी सहा महिने भरताच पिल्लू टेबलावर चढवितो, तर कोणी ‘निसर्गाच्या विरुद्ध’ म्हणून आयुष्यभर हात लावू देत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांत खुब्याच्या सांध्याचा विकार न केलेल्यांच्या दुप्पट आढळला. २०२० साली त्यांनी हीच तपासणी पस्तीस जातींवर केली, तेव्हा लहान चणीच्या कुत्र्यांत सांध्यांचा असा धोका दिसला नाही. हाडांची टोके मिटून वाढ थांबण्यासाठी जे संप्रेरक हवे, तेच आधी काढून घेतल्याचा हा परिणाम. यातून निघणारा व्यवहार असा की, पॉमेरियनसारखा लहान नर सहा महिन्यांनंतर केव्हाही चालेल. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड यांसारख्या थोराड कुत्र्याला निदान वर्ष, जमल्यास दीड वर्ष द्यावे. आणि मधल्या काळात दाराला कडी असावी. आपला गावठी नर मध्यम अंगाचा. रात्री मोकळा फिरण्याची त्याची सवय मोडत नसेल, तर त्याच्यासाठी वर्ष उलटण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण वर्षाच्या आतच तो बाप होऊ शकतो.

आरोग्याचा हिशेब एका बाजूचा नाही. वृषण काढल्यावर तेथील कर्करोगाचा प्रश्न उरत नाही. उतारवयात पुरस्थ ग्रंथी सुजून मलमूत्राला होणारा त्रास बराच टळतो. तथापि त्याच ग्रंथीचा कर्करोग टळत नाही, आणि भूक वाढून अंग सुटते ते वेगळेच. ज्याचा एक वृषण पोटातच राहिला आहे त्या नराची मात्र शस्त्रक्रिया टाळू नये. तेथे गाठ होण्याचा धोका अधिक असतो. आणखी एक रोग आपल्या रस्त्यांवर सर्रास आहे व घरात त्याचे नाव कोणी काढीत नाही. समागमातून एका कुत्र्याची कर्कपेशीच दुसऱ्याच्या अंगात रुजते, लिंगावर गाठ येते आणि रक्त ठिबकू लागते. औषधाने हा रोग बरा होतो, परंतु आठवड्यामागून आठवडे इंजेक्शने द्यावी लागतात. साखळी काढून ‘जरा फिरायला’ सोडलेल्या नराला हीच भेट मिळण्याचा संभव मोठा.

‘कुत्रा फार चावरा झाला, खच्ची करून टाका,’ असे म्हणत पशुवैद्यकाकडे जाणारे पुष्कळ आहेत. त्यांची निराशा होण्याची शक्यता आहे. मादीच्या वासावर भटकणे, जागोजागी लघवी करणे, इतर नरांशी मारामाऱ्या हे पुष्कळदा कमी होते. भीतीने, मार खाल्ल्याने किंवा दिवसभर साखळीला बांधून ठेवल्याने जो कुत्रा चावतो, त्याचे चावणे यामुळे थांबत नाही. पिसाळीला तर शस्त्रक्रियेने काहीच अटकाव होत नाही. तेथे दरवर्षीची लसच हवी. एका पोराला कुत्रा चावला म्हणजे हातावर पोट असलेल्या विडी कामगार बाईचे किती दिवसांचे काम बुडते, हे सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना विचारावे.

नर आणि मादी यांचे गणितही सारखे नाही. दहांपैकी नऊ नर खच्ची केले आणि एक उरला, तरी गल्लीतील साऱ्या माद्यांना तो पुरतो. नराची शस्त्रक्रिया सोपी, जखम लहान, खर्च कमी. म्हणून कोणत्याही नगरसंस्थेला नरांचे आकडे फुगवून अहवाल गोंडस करण्याचा मोह होऊ शकतो. सोलापूरच्या नगरसेवकांनी एकूण संख्येऐवजी माद्यांची संख्या विचारावी. मात्र हे गणित पाळीव नराच्या मालकाला पळवाट म्हणून वापरता येणार नाही. महापालिका जी मादी पकडू शकली नाही, तिच्यापर्यंत त्याचा नर रोज रात्री पोचतो, आणि पिल्ले वाढविण्याचा भार गल्लीवर पडतो.

खच्ची करू नये अशीही कुत्री आहेत. सोलापूरहून विजापूर ओलांडून पुढे गेले की मुधोळ लागते. तेथील घोरपडे संस्थानिकांनी जपलेला मुधोळचा शिकारी कुत्रा आज देशी जातींत मानाचा आहे. २००५ साली त्याचे टपाल तिकीटही निघाले. अशा जातीचा निरोगी, शांत स्वभावाचा नर ज्याच्याकडे आहे, तो कुंपणाआड ठेवतो आणि वंशाची नोंद राखतो, त्याला कोणी दोष देऊ नये. असल्या सडपातळ कुत्र्यांना भुलीची काही औषधे जड जातात, हेही त्याने पशुवैद्यकाच्या कानावर घातलेले असावे. पण ‘वंश चालावा’ म्हणणाऱ्या दर दहांतील कितीजणांकडे कुंपण आहे? बहुतेकांच्या नकाराचे कारण वेगळेच असते. घरच्या कर्त्या पुरुषाला कुत्र्याच्या अंगावरचा घाव स्वतःच्या पौरुषावर बसल्यासारखा वाटतो. कुत्र्याला पौरुषाचा अभिमान नसतो. त्याला फक्त मादीचा वास येतो.

ज्यांचा निर्णय झाला आहे त्यांनी ऋतू पाहावा. पावसाळ्यात माशा बसून जखमेत अळ्या पडतात, आणि वैशाखात चव्वेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या पत्र्याखाली भुलीतून उठणारे जनावर ठेवणे क्रूरपणाचे आहे. गड्ड्याची यात्रा भरते ते दिवस सर्वांत बरे. आधी रक्त तपासून घ्यावे, कारण आपल्याकडे गोचीड-ताप पुष्कळ आणि त्यात रक्त गोठण्याची शक्ती कमी झालेली असते. शस्त्रक्रियेनंतर दहा-चौदा दिवस टाके चाटू देऊ नयेत, आणि साधारण महिनाभर नराला मादीपासून दूर ठेवावे, कारण अंगात उरलेले बीज तेवढ्या काळात काम करू शकते. तो महिना तरी रात्री साखळी काढता येणार नाही.