घे, पण खाऊ नकोस!

शनिवारची रात्र, बाहेर धो धो पाऊस, पिझ्झा येऊन थंड झालेला. आणि आमच्या ग्रुपमध्ये फुल टू राडा. विषय? जादूगारांना मोकळं सोडायचं की कोंडून ठेवायचं!

हसू नका. आमच्या ग्रुपमध्ये एक गेमर आहे. दिवसभर बँकेत लोकांची कर्जं मंजूर करतो आणि रात्री 'ड्रॅगन एज' नावाच्या गेममध्ये जग वाचवतो. त्या गेममधल्या जगात काही मुलं जन्मतःच जादू घेऊन येतात. समजलं रे समजलं की त्यांना आईबापांपासून उचलायचं आणि एका मनोऱ्यात नेऊन टाकायचं. भोवती टेम्पलर नावाचे तलवारधारी पहारेकरी. प्रत्येकाचं थोडं रक्त कुपीत भरून ठेवलेलं, म्हणजे कोणी पळालाच तर त्यावरून माग काढता येतो. आपल्या भाषेत जीपीएस. आणि एखादा फारच धोक्याचा वाटला तर त्याची जादू कायमची काढून घेतात. जादूबरोबर त्याच्या भावनाही जातात, स्वप्नंही. मग तो शांतपणे, न कंटाळता काम करत राहतो. (आमच्या ग्रुपमधल्या एकीचं म्हणणं, असे तीन जण तिच्या अकाउंट्स डिपार्टमेंटला आहेत.)

मी अर्थातच जादूगारांच्या बाजूने. मास कॉमला असताना मानवाधिकारावर पेपर लिहिलेला, त्याचा माज अजून उतरलेला नाही. पण आमच्या गेमरने एकच प्रश्न टाकला आणि माझी बोलती बंद. म्हणाला, "मॅडम, तिथे धोका खरा आहे. त्यातल्या कोणाच्याही अंगात राक्षस शिरू शकतो आणि अख्खं गाव जळू शकतं. असा एक जण तुझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्याने आला तर? सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणाच्या बाजूने हात वर करशील?"

मी पिझ्झा गरम करायला उठले.

दोन आठवड्यांनी एका ट्रॅव्हल स्टोरीसाठी रत्नागिरीला गेले. रत्नागिरी म्हणजे माझं आजोळ, मावशीचं घर, त्यामुळे हॉटेलचा खर्च शून्य. फ्रीलान्सरच्या आयुष्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा असतो. स्टोरी होती बीच, मासे, थिबा पॅलेस वगैरे. थिबा पॅलेस लहानपणी दहा वेळा पाहिलाय, पण तेव्हा आम्ही तिथे फक्त लपाछपी खेळायचो. या वेळी त्या गॅलरीत उभी राहिले आणि डोक्यात तो मनोराच आला.

थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राणीसकट बोटीवर चढवलं, आधी मद्रासला ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. जन्म १ जानेवारी १८५९चा. म्हणजे इथे उतरला तेव्हा सत्तावीस वर्षांचा! मी अठ्ठावीस. आपण या वयात पहिल्या इन्क्रिमेंटवरून रडतो, आणि या गड्याचं राज्यच गेलेलं. पुढे तो परत गेलाच नाही. डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. तीस वर्षं. हा पॅलेस तर १९१० मध्ये बांधून झाला, त्याआधीची सगळी वर्षं सरकारी व्यवस्थेतल्या बंगल्यांमध्ये काढलेली.

रत्नागिरीच का? तेव्हाची रत्नागिरी डोळ्यांसमोर आणा. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. पावसाळ्यात बोटी बंद. रेल्वे यायला १९९०चं दशक उजाडायचं होतं. भिंत न बांधता तुरुंग हवा असेल तर याहून सही लोकेशन नाही. उलट बाजूने हाच हिशेब इंग्रजांनी आधी एकदा केला होता. १८५७ नंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवलं, तो १८६२ मध्ये तिथे गेला. इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. आपल्या ऑफिसात नको असलेल्या माणसाची बदली करतात ना, तसं. फक्त परतीचं तिकीट नाही.

आता थिबा काही गरीब बिचारा नव्हता हं. गादी पक्की करायला १८७९ मध्ये त्याच्या राजवाड्यात सावत्र भावंडांसकट डझनांनी नातेवाईक मारले गेले. हुकूम नक्की कोणाचा, राजाचा की सासूबाईंचा, यावर इतिहासकार भांडतात, पण राज्य त्याचं होतं. मग ठेवला कैदेत तर बिघडलं काय? मीही क्षणभर तेच म्हणाले. पण लोचा असा आहे की इंग्रजांनी त्याला त्या खुनांसाठी कोंडलंच नव्हतं. खटला नाही, शिक्षा नाही, मुदत नाही. तो ब्रह्मदेशात असला तर लोक त्याच्याभोवती जमतील, एवढीच भीती. म्हणजे त्याने काय केलं याचा प्रश्नच नाही, तो काय आहे याचा प्रश्न. आणि 'तू राजा आहेस' या गुन्ह्याची शिक्षा भोगून संपत नाही, कारण मरेपर्यंत तो राजाच राहणार.

त्याला चार मुली. चौथी तर १८८७ मध्ये रत्नागिरीतच जन्मली. तिने मंडाले पाहिलं नव्हतं, कोणाला मारलं नव्हतं, फौज सोडा, घोडाही तिच्या ताब्यात नव्हता. तरी वयाची तीस वर्षं उलटेपर्यंत ती सरकारच्या परवानगीने जगली. १९१९ मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं, तोवर या मुलींचं लग्नाचं वय, शिक्षणाचं वय, सगळं इथल्या लाल मातीत गेलं. थोरलीला इथल्याच एका नोकरापासून मुलगी झाली. ती राजाची नात पुढे रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत, गरिबीत. गेममध्ये जादू घेऊन जन्मलेल्या पोरांना मनोऱ्यात टाकतात तेव्हा मी 'किती क्रूर' म्हणाले होते. इथे तर पोरींच्या अंगात जादूही नव्हती, नुसतं आडनाव होतं. राजघराण्याला आडनाव नसतं, तेही नव्हतं.

पॅलेसवरून खाली शहरात आलं की दुसरं ठिकाण, रत्नागिरीचा तुरुंग. सावरकर अंदमानहून १९२१ मध्ये इथे आले, पुढे येरवड्याला गेले, आणि जानेवारी १९२४ मध्ये सुटले ते अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही. मुदत किती? पाच वर्षं. ती वाढत वाढत १९३७पर्यंत गेली! पाचाची तेरा झाली. सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो (आमच्या ग्रुपमध्ये चार माणसांची सहा मतं आहेत), पण ही मुदतवाढीची ट्रिक ओळखीची वाटते की नाही? आपलं प्रोबेशन असंच वाढवतात. माणूस एवढा धोक्याचा की जिल्हा ओलांडू द्यायचा नाही, आणि त्याच माणसाने त्याच जिल्ह्यात राहून जातिभेदाविरुद्ध मोहीम चालवली, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं.

तिसरं ठिकाण मनोरुग्णालय. मुंबईत कोणी वेड्यासारखं वागलं की 'ठाण्याला पाठवा' म्हणतात, पुण्यात 'येरवड्याला', आणि आमच्या कोकणात 'रत्नागिरीला'. आजोळचं गाव सांगितलं की कॉलेजात हा जोक ठरलेला. मीही हसायचे. पण २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की घरचे न्यायला येत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला आत ठेवता येणार नाही, आणि साखळीने बांधणं तर साफ बंद. हे कायद्यात लिहावं लागलं, यावरून आधी काय चालत असेल ते समजा.

मंडळी, आता म्हणाल, हे सगळं ठीक, पण खरोखर धोक्याच्या माणसाचं काय? गेमरचा प्रश्न तसाच आहे, मी विसरलेले नाही. आपल्या राज्यात त्यासाठी चक्क कायदा आहे. १९८१चा, पोलीस आणि पेपरवाले त्याला 'एमपीडीए' म्हणतात. त्याच्या लांबलचक नावात झोपडपट्टीदादा आहेत, हातभट्टीवाले आहेत आणि 'धोकादायक व्यक्ती' हे शब्द जसेच्या तसे आहेत. खटला न चालवता माणसाला स्थानबद्ध करता येतं. आता बोला! पण बारीक अक्षरं वाचली की फरक दिसतो. धोकादायक कोण, तर जो सवयीने ठरावीक गुन्हे करतो तो. म्हणजे आधी काहीतरी केलेलं असावं लागतं, नुसतं करू शकतो हे पुरत नाही. प्रकरण सल्लागार मंडळापुढे न्यावं लागतं. आणि जास्तीत जास्त एक वर्ष. तडीपारी असेल तर दोन. मला हा कायदा आवडतो असं नाही, कारण अशा ऑर्डरी कोर्टात जाऊन रद्दही होतात, पण तोवर माणूस आतच असतो. तरी त्यात निदान एक तारीख आहे. थिबाकडे ती तारीख नव्हती.

म्हणून माझं आपलं मत असं, की ताकद असणं हा गुन्हा नाही. गाडी अंगावर घातली तर माणूस मरतो, पण आपण ड्रायव्हरला लायसन्स देतो, मनोरा बांधत नाही. हॅरी पॉटरमधले ल्युपिन सर आठवतात? पौर्णिमेला लांडगा होणारे. औषध वेळेवर घेतलं की निरुपद्रवी, शिवाय शाळेतले बेस्ट टीचर. पण बातमी फुटली आणि पालकांची पत्रं यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. औषध द्या, नियम करा, तपासा, पण कोंडायचं तर केलेल्या कृत्यासाठी आणि मुदत सांगून. गेमरला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "ठीक आहे. पण ताकद खरी आहे की नाही हे तुझ्या केसमध्ये कोण ठरवणार?"

या प्रश्नाने मात्र मी आडवी झाले. कारण त्याचं उत्तर मावशीच्या घरापासून पाचव्या घरात राहतं.

वाडीत एक आजी आहे. एकटी, नवरा लवकर गेला, मूल नाही. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं, तिच्याकडचं काही खायचं नाही. का? कोणाच्या गाईचं दूध आटलं, कोणाची सून दोनदा बाळंतपणात अडली, आणि दोन्ही वेळा आजी आदल्या दिवशी अंगणात येऊन गेली होती. झालं. तिला करणी येते. गेममधला लेखक आपल्याला आधीच सांगून टाकतो की हा जादूगार आहे. वाडीत ते सांगणारा लेखक म्हणजे बाजूच्या ओटीवर बसलेली चार माणसं.

या बाबतीत आपला कायदा एकदम वेगळ्या बाजूला उभा आहे. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झटले तो जादूटोणाविरोधी कायदा. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्यात अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचं दूध आटवते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे गजाआड जायची पाळी आजीवर येत नाही, ओटीवरच्या चौघांवर येते. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "आम्ही कुठे काय बोलतो तिला? नुसतं जात नाही तिच्याकडे."

खरंच आहे. त्यांनी तिला कोंडलेलं नाही. ती पाहिजे तिथे फिरते. फक्त ती आली की पोरं आत बोलावली जातात, हळदीकुंकवाला निरोप जात नाही, आणि तिने दिलेलं कोणी खात नाही.

निघायच्या दिवशी मी स्टँडकडे जाताना ती तिच्या बेड्यापाशी उभी होती. बेडं म्हणजे आमच्याकडचं बांबूचं फाटक. "मुंबईस चाललीस गो बाय?" म्हणाली आणि एक पुडकं हातात दिलं. आमसुलं. या वर्षीची, घरी वाळवलेली. मी थँक्यू म्हणाले, मग लाजून नमस्कार केला. मावशी रिक्षेत बसेपर्यंत गप्प होती. रिक्षा सुरू झाल्यावर हळूच म्हणाली, "घेतलंस ते बरं केलंस. नाही म्हणायचं नसतं. पण खाऊ नकोस हां."

मी तिला चांगलं दहा मिनिटं लेक्चर दिलं. दाभोलकर, कायदा, कलमं, थिबासकट. रिक्षावालाही मान हलवत होता.

याला आता तीन आठवडे झाले. कालच आमचा गेमर घरी आला होता. सोलकढी कर म्हणाला, रत्नागिरीला जाऊन आलीस तर आमसुलं आणली असशीलच. आणली होती. कपाटात वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्यांच्या मागे आहेत. पुडक्याचा दोरा अजून तसाच आहे. मी त्याला सांगितलं, संपली रे. मग खाली जाऊन वाण्याकडून दहा रुपयांची आणली.