आधी निदान, मग पाना



बैलगाडी चढाला अडली तर आपण काय करतो? आसाला वंगण आहे का बघतो, जू खांद्याला रुततंय का बघतो, बैलाचा खूर उचलून बघतो. तिथल्या तिथे 'बैल विका, नवा आणा' असं कोणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू. मग चार चाकांची गाडी चढाला दमली की आपली हीच अक्कल कुठे चरायला जाते? मिस्त्री बोनेट उघडतो, 'इंजिन बसलं' म्हणतो, आणि आपण कापसाच्या पट्टीतले पैसे मुकाट्याने काढून देतो.

आमच्या गावात सहा घरांत मिळून एक जुनी डिझेल जीप आहे. कापूस तिच्यातून, बाजार तिच्यातून, आणि अडलेली बाळंतीणही तिच्यातूनच. मागच्या हंगामात ती करंजी घाट चढेना. तिसगावपर्यंत साठच्या वेगाने येणारी गाडी घाटात पहिल्या गिअरवर रांगायला लागली. नगरच्या (आता सरकारी कागदावर अहिल्यानगर) एका गॅरेजने डिझेल पंप उतरवला, नोझल बदलले, २८ हजारांचं बिल केलं. गाडी चढेना ती चढेनाच. मग इंजिन खोलायचा सल्ला मिळाला. शेवटी गावातल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराने एअर फिल्टर काढून दगडावर आपटला. ज्वारीच्या मळणीचा भुसा आणि कापसाचं तूस आत गच्च बसलेलं! लष्कराच्या गाड्या तपासणारी संस्था ज्या शहरात आहे, त्याच शहरात आमच्या जीपचा फिल्टर उघडून बघायला कोणाला सवड झाली नाही.

सपाटीला धावणारी गाडी चढालाच का दमते, ते नीट समजून घेऊ, कारण सगळी फसवणूक या अज्ञानावर चालते. भरलेली गाडी २ टनांची धरा. १५ फुटांना १ फूट चढणारा रस्ता, वेग ताशी ३०. नुसतं ते वजन वर उचलायलाच सुमारे १५ अश्वशक्ती जास्त लागते. आणखी एक टन भरला की २२. म्हणजे सपाटीवर अर्ध्या श्वासावर भागत होतं, घाटात इंजिन पूर्ण हवा आणि पूर्ण डिझेल मागतं. नेमकं तेव्हाच कुठे काय तुंबलंय ते उघडं पडतं. इंजिन मेलेलं नसतं, त्याचं नरडं आवळलेलं असतं.

आणि गाडी स्वतःच बोलते, ऐकणारा पाहिजे. काळा धूर ओकत दमली तर हवा कमी पडतेय, फिल्टर बघा. टर्बोची गाडी असेल तर तिचा हवेचा पाइप फाटलाय का बघा. धूर नाही, पण गचके खाते, तर डिझेल पोचत नाही. डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, पाणी, पाइपातून शिरणारी हवा, या क्रमाने बघा. इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतोय, तर क्लच प्लेट गेली. थांबून चाकाजवळ हात न्या. एकच चाक तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. पिस्टन आणि रिंगा गेल्याची शंका सगळ्यात शेवटी घ्यायची. त्याची खूण वेगळी असते: थंडीत सकाळी स्टार्टिंगला त्रास, निळा धूर, ऑइलचं झाकण काढलं की भपकारे.

डिझेलच खोटं असेल तर? भेसळीत केवढा पैसा गुंतलेला असतो ते आपल्या शेजारीच दिसलं आहे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ ही भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं गेलं. पंपावर घनता मोजून मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. आपण किती जणांनी मागितली?

आपलंही चुकतं, ते झाकायचं कशाला? दुप्पट माल भरायचा, मळणीच्या धुरळ्यात गाडी उभी करायची, वर्षवर्ष फिल्टरला हात लावायचा नाही. पण आपल्या आळसाचा दंड शे-पाचशेचा असावा, अठ्ठावीस हजारांचा नव्हे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांची तऱ्हा आणखी न्यारी. दोष जाणवला की आतला संगणकच इंजिनाची ताकद आखडून घेतो आणि समोर दिवा लावतो. दोष काय, ते स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. गाडी आपली, कर्ज आपल्या नावावर, आणि तिचं दुखणं वाचायची चावी दुसऱ्याच्या खिशात! ही मनमानी आम्हीच म्हणतो असं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारी आहेत आणि शेतीची अवजारंही. दिल्लीत समित्या बसतात, इकडे शेवगाव-पाथर्डीचा शेतकरी बिल भरतो.

म्हणून आमच्या गावाने ठरवलंय. मिस्त्रीने काय बघितलं ते आधी कागदावर लिहून द्यावं. स्कॅनर लावला तर त्याचा कोड लिहून द्यावा. काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यावा. आणि काम झालं की गाडी गॅरेजच्या दारात नाही, आपल्याबरोबर घाटात चालवून दाखवावी. हे मानेल त्याच्याकडे गावाच्या सगळ्या गाड्या जातील. असे चांगले मिस्त्रीही आहेत, त्यांना रास्त मजुरी देताना हात आखडू नये.

जिल्हा बैठकीला येताना गेल्या दोन वर्षांतली गाडी दुरुस्तीची बिलं घेऊन या. जुना पार्ट घरात पडला असेल तर तोही पिशवीत घाला. आमचा तो तुंबलेला फिल्टर आम्ही आणतोच आहोत.