आधी ओळखा, मग पुसा



आपल्या पुष्कळ घरांत पणजोबांच्या पलटणीच्या गोष्टी अजून सांगतात. सॅम्युएल इझिकेल दिवेकर कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत होते. त्यांनीच १७९६ साली मुंबईत शाआर हारहमीम, म्हणजे आपली जुनी मशीद, बांधली. फौजेच्या या नात्यामुळे इथे इंग्लंडातही कुणाकडे मेडल असते, कुणाकडे तलवार, तर कुणी हौसेने लिलावात घेतलेली ठासणीची बंदूक भिंतीवर लावलेली असते. मग सणाची साफसफाई आली की ब्रासोचा डबा बाहेर निघतो आणि समोर दिसेल ते घासले जाते. आजचा लेख त्या डब्याला थांबवण्यासाठी आहे.

पण आधी नर्सबाईचे दोन शब्द ऐका. मुलांनो, बंदूक सापडली तर हात लावायचा नाही, मोठ्यांना बोलवायचे. काळी दारू शंभर वर्षांनीसुद्धा पेट घेते, आणि जुन्या नळीत ती ठासलेली राहिल्याची उदाहरणे आहेत. म्हणून नळी रिकामी आहे हे जाणकाराने पाहिल्याशिवाय पुसणेसुद्धा नको. दुसरी गोष्ट कायद्याची. ठासणीची अस्सल जुनी बंदूक केवळ शोभेची वस्तू म्हणून ठेवायला परवाना लागत नाही. काडतुसाच्या बंदुकीचे तसे नाही. कोणती जुनी समजायची याचे नियम २०२१ साली नव्याने ठरले आहेत. पिस्तुलांवर तर इथे १९९७ पासून फार कडक बंदी आहे. शंका असेल तर वस्तू आहे तिथेच ठेवा आणि पोलिसांना १०१ वर फोन करा. पिशवीत घालून चौकीवर नेऊ नका.

आता रंग ओळखू या. कंपनीच्या शिपायाची चकमकीची बंदूक मुळात चकचकीत पांढरी असे. शिपाई ती विटेच्या भुकटीने घासत. साधारण १८१५ नंतर इंग्रज फौजेत नळ्या तपकिरी करू लागले. हा तपकिरी रंग म्हणजे मुद्दाम चढवून थांबवलेला गंजच! तोच तांबडा गंज पाण्यात उकळला की काळा होतो. मऊ ब्रशने पुसायचा, पुन्हा गंजवायचा, पुन्हा उकळायचा. असे अनेकदा केले की ती सुरेख निळसर काळी झाक येते. इंग्रजीत तिला ब्ल्यूइंग म्हणतात. ती वरून लावलेला रंग नाही, लोखंडाचीच पातळ कातडी आहे. म्हणून हात लागतो तिथे आणि नळीच्या तोंडाशी ती आधी झिजते.

निकल निराळे. त्याची चमक किंचित पिवळसर, ऊबदार. क्रोमची चमक निळसर, थंड. निकल झिजताना पापुद्रे सुटतात आणि खालून गंज डोकावतो. आमच्या शिकण्याच्या काळी वॉर्डातल्या निकलच्या कात्र्या-चिमटे उकळून उकळून अगदी असेच सोलत असत. राखाडी, चमक नसलेला, खरबरीत पृष्ठभाग दिसला तर तो फॉस्फेटचा. त्याची एक रीत बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ साली पेटंट केली.

मग करायचे काय? पांढऱ्या सुती फडक्यावर दोन थेंब पातळ तेल घ्या आणि हलक्या हाताने पुसा. फडक्यावर नारिंगी पूड आली तर गंज जिवंत आहे. तो तेलात थोडा वेळ भिजू द्या आणि परत पुसा. काहीच आले नाही आणि तपकिरी रंग सगळीकडे सारखा असला, तर ती जखमेवर धरलेली सुकी खपली समजा. खपली आपण उकरतो का? शेवटी म्यूझियमवाले वापरतात तसे मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावा. ब्रासो निकलवर नको. त्यात अमोनिया असतो आणि निकलखाली पुष्कळदा तांब्याचा थर असतो, तो अमोनियाने खाल्ला जातो. पॉलिश पेपर तर कशावरच नको.

बाटलीतले थंड ब्ल्यूइंग मिळते, पण त्यात बहुधा सेलेनियमचे विषारी क्षार असतात. कॉस्टिक सोड्याचे उकळते ब्ल्यूइंग घरी कधीच करू नये. भाजण्याची भीती तर आहेच, शिवाय दुनळी बंदुकीची मऊ झाळ त्यात विरघळते. पुन्हा रंग चढवायचाच असेल तर जाणत्या गनस्मिथकडे जा. आणि जी मुळात पांढरी होती तिला काळी करून घेऊ नका.

एवढे जपायचे कशासाठी? धातूवर अक्षरे आहेत म्हणून. साधारण १८०८ नंतरच्या कंपनीच्या बंदुकीच्या चापाजवळ मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह असतो. नळीवर परीक्षेचे शिक्के असतात. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याचे. कुठे पलटणीचा आकडाही कोरलेला सापडतो. कडा गोलसर, अक्षरे बुजलेली आणि स्क्रूच्या भोकांभोवती खळगा दिसला तर समजावे, आधी कुणीतरी जोर लावून घासलेले आहे. रंग पुन्हा चढवता येतो, पण घासून गेलेले अक्षर परत येत नाही. एखादा आकडा वाचता आला तर ती वस्तू कुणाच्या हातात होती याचा माग लागू शकतो. तो पुसला गेला की उरते नुसते लोखंड.

तेव्हा मुलांनो, या रविवारी आजीआजोबांना विचारा, घरात पलटणीची काय वस्तू आहे? बंदूक-तलवार मोठ्यांवर सोडा. मेडल असेल तर भिंग घेऊन बसा, आणि कडेवर कोरलेले नाव वहीत उतरवून घ्या. ब्रासो कपाटातच राहू द्या.