राजा आधी की जकात आधी?

राजसत्ता कशी जन्मली, याचे ठरीव उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी बजबजपुरी, म्हणजे मत्स्यन्याय, माजली, तिला कंटाळून लोकांनी मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा, मालाचा दहावा हिस्सा त्याला देऊ केला. रक्षणाच्या बदल्यात कर, असा रोखठोक सौदा. व्याख्यानांतून हे उत्तर आजही बिनदिक्कत दिले जाते. पण कौटिल्य ही कथा वदवतो कोणाच्या तोंडून? राजाच्या हेरांच्या! तीर्थांवर, सभांत, लोकांच्या घोळक्यात हेरांनी आपसात लटका वाद घालावा. एकाने राजाच्या करांवर टीका करावी आणि दुसऱ्याने मनूची गोष्ट ऐकवून त्याला गप्प करावे, अशी त्याची सूचना आहे. राजसत्तेचा जन्मदाखला म्हणून जी गोष्ट पुढे केली जाते, ती मुळात राजाच्या प्रचारखात्यातली निघते.

दुसरा पक्ष तलवारीचा: जिंकला तो राजा. खालापूर तालुक्यातली उंबरखिंड ही या पक्षाची हुकमी साक्षीदार. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान इथे कोंडला गेला. मधून अरुंद वाट, दोन्ही अंगांना डोंगर, वर दबा धरून बसलेले मावळे. खानाला सामानसुमान टाकून, खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. मात्र उलटतपासणीत ही साक्ष फिरते. खानाकडे तलवारींची वाण नव्हती. शिवाजी महाराजांच्या हाती वाट होती.

तिसरा पक्ष वरकड धान्याचा. शेती आली, कोठारे भरली, त्यावर बसून खाणारा वर्ग आला. गंगेच्या खोऱ्यात हे पटण्यासारखे आहे. घाटाखालच्या कर्जत-खालापुरात मात्र पावसावरचे भात, उतारांवर नाचणी-वरी. एवढ्यावर दरबार किती पोसला जाणार? तरीही राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, कोंढाणे लेण्यांत, इसवी सनापूर्वीचे भव्य चैत्यगृह कातळात कोरलेले आहे. त्याचा उलगडा शेतात नव्हे, घाटवाटेवर होतो.

कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नर, पैठण, तेरला न्यायचा तर सह्याद्री चढणे भाग होते, आणि बैलांचा तांडा चढेल अशा वाटा मोजक्याच: बोरघाट, कुसूरघाट, उत्तरेला नाणेघाट. जाचाला विटलेला शेतकरी रातोरात गाव सोडू शकतो. तांड्याला घाट सोडून जाता येत नाही. त्यामुळे घाटाच्या तोंडाशी बसणाऱ्याला कोणी निवडून द्यायची गरज नव्हती. (खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे राहणाऱ्यांना हे जास्त फोड करून सांगायला नको.)

शिलालेख याला दुजोरा देतात. कोंढाण्याच्या लेखात राजाचे नाव नाही. कण्हाचा शिष्य बलक याने काम केले, एवढेच तो सांगतो. बोरघाटाच्या माथ्यावर कार्ले-भाजे लेण्यांत दात्यांत भेटतात ‘महारठी’, म्हणजे मुलखातले बडे सरदार. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका अशाच एका महारठीची लेक. नाणेघाटातल्या तिच्या लेखात अश्वमेध, राजसूय आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गायी व कार्षापणांची जंत्री आहे. ही जंत्री राजधानीतल्या देवळात न कोरता व्यापारी थबकतात त्या खिंडीत का कोरावी? तिथला दगडी रांजण जकातीचा होता असे सांगतात. ते खरे नसले तरी युक्तिवाद अडत नाही.

कोणी म्हणेल, मग घाटातला लुटारू आणि राजा यांत फरक तो काय? अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९९३ मध्ये जवळजवळ हेच मांडले: भटक्या लुटारूपेक्षा ठाण मांडून बसलेला परवडतो, कारण उद्या पुन्हा लुटायचे म्हणून तो थोडे शिल्लक ठेवतो आणि दुसऱ्या लुटारूंना फिरकू देत नाही. मत्स्यन्यायवाल्यांच्या ‘रक्षणा’त खरेपणा असेल तर तो इतकाच. पण ओल्सन यांचा हिशेब वसुलीपाशी थांबतो. वसुली हक्क कशी बनते, हे त्यात येत नाही. त्यासाठी यज्ञ लागतात, दाने लागतात, वंशावळ लागते. उत्तर कोकणचे शिलाहार मुळात राष्ट्रकूटांचे मांडलिक, पण ताम्रपटांत ते विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज होतात.

याच सह्याद्रीच्या कुशीतले जव्हारचे संस्थान घ्या. महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याचे हे राज्य १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकले. त्याच्या मूळ पुरुषाची, जयबा मुकणे याची, गढी थळघाटाजवळ मुकणे इथे होती. त्याच्या मुलाला १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. घराण्याची आख्यायिका मात्र वेगळेच सांगते. जयबाने जव्हारच्या प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी त्या प्रमुखाची गढीच वेढली. या आख्यायिकेत पाच साधूंचा आशीर्वाद आहे, चातुर्य आहे. थळघाटाचा उल्लेख तेवढा नाही.