ताजचं भूत आणि पुसलेलं नाव

महाराष्ट्रातला फौजी देशात कुठेही पोस्टिंगवर गेला, की मेसमध्ये त्याला मुंबईचाच समजतात. गाव साताऱ्याकडचं असलं तरी प्रश्न मुंबईचेच येतात. त्यातला एक ठरलेला प्रश्न म्हणजे, "ताज हॉटेल में सच में भूत है क्या?" जम्मूपासून तेजपूरपर्यंत मला हा प्रश्न विचारला गेलाय. विचारणाऱ्याला गोष्ट आधीच पाठ असते, आपण फक्त मान डोलवायची असते. मी डोलवत नाही. का, ते आज लिहितो.

गोष्ट अशी सांगतात. ताज बांधणारा इंग्रज आर्किटेक्ट चेंबर्स नकाशे देऊन विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर इमारत उलटी बांधलेली, तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. धक्का सहन न होऊन त्याने वरच्या मजल्यावरून उडी मारली, आणि तेव्हापासून तो जुन्या इमारतीत फिरतो.

ऐकायला झकास. पण ताजचा पहिला नकाशा चेंबर्सचा नव्हताच. तो होता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि मग डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. 16 डिसेंबर 1903 रोजी हॉटेल उघडलं. जो माणूस अर्धवट काम हातात घेऊन शेवटाला नेतो, त्याला दरवाजा कुठल्या बाजूला आहे हे कळत नाही? आपल्याकडे बंकर खोदतानासुद्धा तोंड कुठे ते पहिल्या दिवशी ठरतं.

आणि 'उलटी' तरी कशावरून? आज आपण गेटवेपाशी उभे राहतो म्हणून तीच बाजू पुढची वाटते. पण गेटवे ऑफ इंडिया खुला झाला 1924 साली, हॉटेलनंतर 21 वर्षांनी. जुनं प्रवेशद्वार होतं शहराच्या बाजूला, हल्ली पोहण्याचा तलाव आहे तिकडे. पाहुण्यांच्या घोडागाड्या यायच्या शहरातून. हीच कथा स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयाबद्दलही सांगतात. इमारत उलटी झाली, आर्किटेक्टने मनोऱ्यावरून उडी घेतली, सगळं तेच. तिकडेही ती दंतकथाच. म्हणजे हे भूत बदलीवर फिरणारं आहे. जिथे मोठी इमारत दिसेल तिथे हजर.

कुणी म्हणेल, "साहेब, गंमत आहे, सोडा की." भुतांशी माझं वैर नाही. फौजेइतकी भुतं कुणी मानानं सांभाळत नसेल. अरुणाचलात सेला उतरून तवांगकडे जाताना जसवंतगढ लागतं. चौथ्या गढवाल रायफल्सचा रायफलमन जसवंतसिंग रावत 17 नोव्हेंबर 1962 ला नुरानांगला लढताना पडला. महावीर चक्र मिळालं. तिथे आजही त्याचं अंथरूण घालतात, बूट पॉलिश करतात, चहा ठेवतात. सिक्कीममध्ये नथु ला भागात बाबा हरभजनसिंगचं मंदिर आहे. पंजाब रेजिमेंटचा हा शिपाई 1968 साली ड्युटीवर असताना गेला. कित्येक वर्षं त्याचं सामान रजेवर रेल्वेने गावी जात असे, बर्थ राखून. रात्री बाबा राउंड मारतो आणि झोपलेल्या संत्रीला थप्पड मारतो, असं जवान सांगतात. खरं-खोटं करत कुणी बसत नाही. पण संत्री जागा राहतो, हे मी पाहिलंय.

फरक इथे आहे. आमच्या भुतांना नाव आहे, नंबर आहे, पलटण आहे, गाव आहे. त्यांच्या गोष्टीतून खरा माणूस लक्षात राहतो. ताजच्या गोष्टीत नेमकं उलटं होतं. न झालेल्या आत्महत्येमुळे चेंबर्सचं नाव देशभर पोचलं, आणि ज्याने कागदावर पहिली रेघ ओढली त्या वैद्यांचं नाव मराठी माणसालाही सांगावं लागतं. शिवाय त्यात एक छुपा टोमणा आहे. साहेबाने नकाशा बरोबर दिला, देशी लोकांनी बांधताना घोळ केला. हा टोमणा आपणच चवीने का पसरवायचा?

आणि त्या इमारतीत खरोखर गेलेली माणसं कमी आहेत का? नोव्हेंबर 2008 मध्ये पाहुण्यांना वाचवताना हॉटेलचे कर्मचारी गेले. राज्य राखीव पोलीस दलाचा जवान राहुल शिंदे तिथेच गेला, सोलापूर जिल्ह्यातल्या सुलतानपूर गावचा पोरगा. एनएसजीचे मेजर संदीप उन्नीकृष्णन जखमी साथीदाराला बाहेर काढून अतिरेक्यांच्या मागे एकटे वर गेले आणि 28 नोव्हेंबरला हुतात्मा झाले. मूळ पलटण सातवी बिहार, मरणोत्तर अशोक चक्र. एवढं सगळं त्या जिन्यांवर घडलेलं असताना, त्याच जिन्यांवर खोटं भूत फिरवायचं मला जमत नाही.

भुताची गोष्ट ही मेलेल्याची आठवण ठेवायची जुनी रीत आहे. म्हणून ती सांगावी, खुशाल सांगावी. पण कुणाची आठवण ठेवतोय ते बघून. आता मेसमध्ये कुणी ताजचं भूत विचारलं की मी म्हणतो, भूत माहीत नाही, माणसं माहीत आहेत. मग वैद्यांपासून सुरुवात करतो आणि राहुल शिंदेपर्यंत येतो. तोवर ग्लास बाजूला ठेवून सगळे ऐकत असतात.