सस्पेन्स खाते

आमच्या चिरंजीवांच्या गणिताच्या वहीत बाईंनी लाल शाईने लिहून पाठवले आहे, 'लक्ष नसते. पालकांनी लक्ष द्यावे.' एकाचे नसते म्हणून दोघांनी द्यायचे. हिशेब म्हणून ठीक आहे. पण या निदानाविरुद्ध माझी तक्रार आहे, आणि ती मी बँकेतला कारकून या नात्याने करतो आहे. बापाची तक्रार ऐकतो कोण?

चिरंजीव चौथीत आहेत. 'त्रेचाळीस' ऐकले की ३४ लिहितात. आजोबांच्या मते हा आळस, सौभाग्यवतींच्या मते मोबाइल आणि शेजारच्या काकूंच्या मते बदाम कमी पडतात. (बदाम दिले. बदाम संपले, ३४ तसेच.) मी स्वतः एकदा पाठीत धपाटा घातला. तो अजून माझ्या नावे पडलेला आहे, जमा झालेला नाही.

आता आमच्या बँकेत पाहा. संध्याकाळी टॅली लागत नाही, ९०० रुपयांचा फरक येतो. कोणी कोणाला आळशी म्हणत नाही. बी. कॉम. करून माझ्या उपयोगी पडलेली एकच गोष्ट सांगतो : फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आधी आकड्यांची अदलाबदल झाली का ते पाहावे. ४,३०० चे ३,४०० झालेले असतात. वीस-वीस वर्षे नोकरी झालेली माणसे ही चूक करतात आणि चहा मागवून ती शोधत बसतात. नाहीच सापडली तर रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि घरी जातात. तीच चूक नऊ वर्षांच्या पोराने केली की थेट प्रगतिपुस्तकात! शाळेत सस्पेन्स खाते नसते.

बरे, चूक सगळी पोराची तरी आहे का? त्रेचाळीस म्हणताना तोंडातून तीन आधी बाहेर पडतात, चाळीस मागून येतात. लिहायचे मात्र चार आधी. एकोणपन्नास तर पन्नासाचे नाव लावून चाळिसांत राहतो! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आले, तेव्हा उभ्या महाराष्ट्राने विनोद केले. मीही शाखेत दोन-तीन केले. चांगले जमले होते. मंगला नारळीकर बिचाऱ्या सांगत होत्या की अहो, हे मुलांना सोपे जावे म्हणून आहे, जुने शब्दही ठेवले आहेत. पण ऐकायला आम्हाला सवड कुठे होती? चिरंजीव तेव्हा बालवाडीतही गेले नव्हते. आपण कोणाला हसतो आहोत, हे मला कसे कळणार?

३४ लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला काहीतरी झाले आहे असे माझे म्हणणे नाही. पण काहींना बुद्धी शाबूत असूनही संख्या हाताला लागतच नाहीत. त्याला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. काहींचे लक्ष कितीही ओरडले तरी टिकत नाही, ते एडीएचडी. काहींच्या वाट्याला दोन्ही. ही आळसाची टोपणनावे नव्हेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलिया नावानिशी छापलेला आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ मिळतो, कॅल्क्युलेटर मिळतो.

हे सांगितल्यावर आमच्या शाखेतले एक गृहस्थ उसळले. "कॅल्क्युलेटर? मग ती परीक्षा कसली हो?" बोलताना त्यांची बोटे कॅल्क्युलेटरवर होती. १२० अधिक ८० चालले होते.

चिरंजीवांना काय आहे, काही आहे की नाही, मला माहीत नाही. काकूंनाही नाही आणि बाईंनाही नाही. म्हणून तपासणीची वेळ घेतली आहे, मंगळवार तारीख १३. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला, तर साहेबांनी बोलावून घेतले. मी ३१ लिहिले होते. त्यांनी पेन्सिलीने ते १३ केले, हसले आणि रजा मंजूर केली.